जुनीं हत्यारें व त्यांचा जीर्णोद्धार

राजांचा इतिहास ताम्रपटांत, बखरींत व दफ्तरांत लिहिलेला असतो. ज्या सुतारानें त्या राजाच्या वाड्याचे खांब घडविले त्याचा इतिहास मात्र बहुधा कोठेंच लिहिलेला नसतो. त्याला लिहितां येत नसे, किंवा येत असलें तरी आपण रोज जें करतों तें लिहून ठेवण्याजोगें आहे असें त्याला वाटत नसे. त्याच्यामागें दोनच गोष्टी राहतात. एक त्यानें केलेलें काम, आणि दुसरी तें काम ज्यांनीं झालें तीं हत्यारें. काम दुसऱ्याच्या मालकीचें होऊन जातें. हत्यारें तेवढीं त्याचीं स्वतःचीं असतात. म्हणून कारागिराच्या आयुष्याचा विश्वासार्ह कागद कोणता, असें कोणी विचारल्यास आम्ही त्याच्या रंध्याकडे, करवतीकडे व पटाशीकडे बोट दाखवूं.

हा कागद बहुधा जुन्या बाजारांत सांपडतो. इंग्लंड व अमेरिका या देशांत जुनीं हातहत्यारें विकत घ्यावीं, त्यांचा गंज काढावा, मोडक्या मुठी सांधाव्या आणि त्यांना पुन्हां धार लावावी, हा गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत मोठा छंद होऊन बसला आहे. या विषयाच्या अभ्यासासाठीं अमेरिकेंत १९३३ सालीं व इंग्लंडांत १९८३ सालीं स्वतंत्र मंडळें स्थापन झालीं. परंतु ही केवळ हौशी माणसांची करमणूक आहे असें समजून वाचकांनीं ती बाजूस सारूं नये. या छंदाच्या पोटांत इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारा एक प्रश्न दडलेला आहे. गंजलेलें हत्यार हातीं आल्यावर तें आहे तसेंच जपावें, कीं घांसून-पुसून पुन्हां कामास लावावें? जसेंच्या तसें ठेवलें तर ज्यासाठीं तें जन्मास आलें तें कार्यच संपतें. घांसून लखलखीत केलें तर त्याच्या अंगावरील इतिहास पुसला जातो. दोन्ही मार्गांत कांहीं तरी गमवावें लागतें. काय गमवावें व काय राखावें, हें ठरविण्याचा या लेखाचा प्रयत्न आहे.

या छंदाला शास्त्राची बैठक प्रथम ज्यांनीं दिली त्यांत हेन्री चॅपमन मर्सर या अमेरिकन गृहस्थांचें नांव अग्रभागीं येतें. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील डॉयल्सटाउन या गांवीं १८५६ सालीं ते जन्मले. शिक्षण हार्वर्डला झालें. कायद्याचाही अभ्यास त्यांनीं केला, पण वकिली केली नाहीं. प्राचीन मानवाच्या अवशेषांचा शोध हा त्यांचा आवडीचा विषय असून, मेक्सिकोच्या यूकातान प्रांतांतील गुहा त्यांनीं उकरून पाहिल्या होत्या. १८९७ सालच्या वसंत ऋतूंत शेगडीचा एक जुन्या पद्धतीचा चिमटा शोधण्यासाठीं ते आपल्याच जिल्ह्यांतील एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे गेले. हा व्यापारी शेतकऱ्यांच्या घरच्या लिलावांत कवडीमोलानें जाणारें सामान उचलीत असे. त्याच्या आवारांत चरखे, कुऱ्हाडी, गिरमिटें, मळणीचीं अवजारें असा ढीग पडलेला होता. तो पाहतांच मर्सर यांच्या मनांत आलें कीं, पुरातत्त्वज्ञ जमीन खणून हजारों वर्षांपूर्वींच्या दगडी कुऱ्हाडी शोधतो. मग आपल्या आजोबांच्या हातांतल्या, पण आज कोणीही न वापरणाऱ्या या वस्तूंपासून आरंभ करून त्यानें मागें कां जाऊं नये?

हा विचार साधा वाटतो. पण त्या काळीं तो अगदीं नवा होता. वाफेच्या यंत्रांनीं व कारखान्यांनीं एका पिढीच्या आंत हीं हत्यारें निरुपयोगी ठरविलीं होतीं. तीं वापरणारीं माणसें मात्र अद्याप हयात होतीं. हत्याराचें नांव काय, तें धरावयाचें कसें, कोणत्या कामास कोणतें, हें विचारून घेण्याची ती अखेरची वेळ होती. मर्सर गाडी घेऊन गांवोगांव हिंडले व त्याच वर्षाच्या अखेरीस शेंकडों वस्तूंचें प्रदर्शन मांडून त्यांनीं वर्णनात्मक यादीही प्रसिद्ध केली. ‘राष्ट्र घडविणाराचीं हत्यारें’ अशा अर्थाचें नांव त्यांनीं त्या यादीस दिलें. राष्ट्र सेनापतींनीं व मुत्सद्द्यांनीं घडविलें असें शाळेंत शिकविलें जात असतां, तें कुऱ्हाडीनें व नांगरानें घडलें असें या शीर्षकांत ठासून सांगितलेलें आहे.

पुढें हा संग्रह सुमारें तीस हजार वस्तूंपर्यंत वाढला. तो ठेवण्यासाठीं मर्सर यांनीं १९१३ ते १९१६ या काळांत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटची एक टोलेजंग इमारत स्वतःच्या कल्पनेनें उभारली. काँक्रीटचा आग्रह धरण्यास कारण होतें. त्यांच्या मावशीजवळ मध्ययुगीन चिलखतांचा व शस्त्रांचा संग्रह होता; तो १८७२ सालच्या बोस्टन शहराच्या मोठ्या आगींत जळून गेला. आपल्या संग्रहाची तशी गत होऊं नये म्हणून त्यांनीं बांधकामांत लांकूड शक्य तों टाळलें. सुतारांचीं हत्यारें ज्या घरांत जपावयाचीं तें घर सुताराच्या मालावांचून उभारावें लागलें, हा योगायोग मौजेचा खरा! मधल्या प्रशस्त चौकांत देवमाशांच्या शिकारीची नाव व घोड्यांची मोठी मालगाडी छतापासून टांगलेली आहे; भोंवतीं मजल्यामजल्यांवर एकेका धंद्याची खोली आहे. १९२९ सालीं मर्सर यांनीं प्राचीन सुतारांच्या हत्यारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला व १९३० सालीं ते निवर्तले.

आतां हत्यार वाचावयाचें तें कसें, हें पाहूं. इंग्लंडांतील जुन्या पटाश्यांवर व रंध्याच्या पात्यांवर ‘कास्ट स्टील’ असे शब्द ठोंकलेले आढळतात. या दोन शब्दांमागें शेफील्ड शहराचा मोठा इतिहास आहे. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीनें घड्याळाच्या कमानीसाठीं एकजिनसी पोलाद मिळावें म्हणून मातीच्या मुशींत पोलाद वितळविण्याची रीत बसविली. त्यापूर्वींच्या पोलादांत कोठें कठीण, कोठें मऊ असा भेद राही. मुशींत वितळल्यावर तें सर्वत्र सारखें होई. हें पोलाद महाग असे. म्हणून पातें घडवितांना बहुतेक अंग साध्या लोखंडाचें ठेवून धारेच्या बाजूस पोलादाचा पातळ थर तापवून ठोंकून जोडीत. जुनें पातें स्वच्छ केलें असतां या दोन धातूंच्या सांध्याची रेघ आजही स्पष्ट दिसते. पोलाद त्या काळीं किती मोलाचें होतें, हें त्या रेघेइतकें कोणत्याही आंकड्यांनीं उमगत नाहीं.

अमेरिकेंतील लोखंडी रंध्यांची गोष्ट आणखी निराळी. लेनर्ड बेली या कारागिरानें १८६७ सालीं रंध्याचें पातें चाकाच्या साह्यानें वरखालीं करण्याच्या युक्तीचे हक्क नोंदविले, आणि १८६९ सालीं स्टॅन्ले कंपनीनें ते विकत घेतले. लांकडी रंध्याचें पातें हातोडीनें ठोंकून बसवावें लागे, व त्याचा अदमास येण्यास उमेदवारीचीं वर्षें जात. बेलीच्या युक्तीनें तें काम बोटाच्या एका फिरवणीवर आलें. त्या रंध्यांवर हक्कांच्या तारखा, कारखान्याचीं चिन्हें, नटांचे व मुठींचे आकार हे सर्व वेळोवेळीं बदलत गेले. त्यामुळें जाणकार मनुष्य रंधा पाहून तो कोणत्या कालखंडांतला तें सांगूं शकतो. दुसऱ्या महायुद्धांत पितळ लष्कराकडे गेलें, म्हणून त्या वर्षांतील स्टॅन्ले रंध्यांस पितळेच्या चाकाऐवजीं टणक रबराचें चाक आलें व उंची लांकडाऐवजीं साध्या लांकडाच्या रंगविलेल्या मुठी आल्या. महायुद्धाची झळ सुताराच्या बाकापर्यंत कशी पोंचली, हें असा रंधा हातांत घेतल्यावर कळतें. एखादा हौशी गृहस्थ तें रबरी चाक ‘हलकें’ म्हणून काढून टाकतो व त्या जागीं चकचकीत पितळेचें बसवितो, तेव्हां रंधा सुंदर होतो खरा, पण त्याची साक्ष खोटी होते.

साक्ष पुसली गेल्यानें केवढी हानि होते हें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अठराव्या शतकांत मॅसॅच्युसेट्समधील रेंथम या गांवीं फ्रान्सिस निकल्सन नांवाचा रंधे करणारा कारागीर होता. ज्यांची लेखी नोंद सांपडते अशा अमेरिकन रंधेकरांत तो सर्वांत आधींचा समजला जातो. त्याच्याजवळ सीझर चेलर नांवाचा आफ्रिकी वंशाचा गुलाम होता व तो धन्याचा धंदा शिकला होता. १७५३ सालीं निकल्सन वारला. त्याच्या मृत्युपत्रान्वयें चेलरला स्वातंत्र्य मिळालें, तसेंच जमीन व धंद्याचीं हत्यारेंही मिळालीं. पुढें १७८४ सालीं मरेपर्यंत चेलरनें स्वतःच्या नांवानें रंधे केले. धनी आपल्या रंध्यांच्या तोंडाशीं जसा नांवाचा व गांवाचा शिक्का मारी, त्याच रीतीनें चेलरनेंही आपलें नांव व आपण रेंथमला राहतों हे शब्द लांकडांत उठविले. काल ज्याची गणना दुसऱ्याच्या मालमत्तेंत होत होती, तो आज आपल्या वस्तूवर आपलें नांव घालीत होता! हे रंधे जुन्या बाजारांतून, माळ्यांवरून, मोडक्या पेट्यांतून एकेक करून गोळा झाले; आणि जुन्या रंध्यांवरील नांवें टिपून ठेवणाऱ्या संग्राहकांच्या चिकाटीमुळें या कारागिराची ओळख जगास पटली. बीच किंवा बर्च जातीच्या लांकडाचा मळका ठोकळा म्हणून कोणीं त्याचें तोंड सँडपेपरनें घांसून काढलें असतें, तर त्या रंध्यापुरता सीझर चेलर दुसऱ्यांदा मेला असता.

करवतींचीही हीच गोष्ट आहे. फिलाडेल्फियांत हेन्री डिस्टन यांनीं १८४० सालीं सुरू केलेल्या कारखान्याच्या करवती जगभर गेल्या. त्यांच्या पात्यावर आम्लानें कोरलेला नक्षीदार लेख असे. हा लेख इतका उथळ असतो कीं, तारेच्या ब्रशानें यंत्रावर दोन-चार वेळां घांसल्याबरोबर नाहींसा होतो. गंज गेला असें वाटून मालक खूष होतो. पण गंजाबरोबर काय गेलें याची त्याला दादही नसते.

यावर कोणी म्हणेल कीं, मग हत्यारांस हातच लावूं नये. जशीं मिळालीं तशीं कांचेच्या कपाटांत ठेवावीं. या मताच्या बाजूनें एक पुरावा खरोखर वजनदार आहे. इंग्लंडांत चॅटम येथील जोसेफ सीटन या कारागिरानें १७९६ च्या डिसेंबरांत आपला मुलगा बेंजामिन याच्यासाठीं लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएल यांच्याकडून हत्यारांचा संचच्या संच विकत आणला. मुलानें १७९७ सालीं त्यांसाठीं सुरेख पेटी केली व हत्यारांची यादी करून ठेवली. पुढें हीं हत्यारें फारशीं वापरलीं गेलीं नाहींत. म्हणूनच तीं आज रोचेस्टर येथील गिल्डहॉल म्यूझियममध्यें जवळजवळ नव्यासारखीं पाहावयास मिळतात, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सुताराच्या पेटींत काय काय असे याचा तो बिनतोड पुरावा ठरला आहे. जें वापरलें तें झिजून गेलें, जें वापरलें नाहीं तेंच वांचलें!

परंतु या पुराव्याची दुसरी बाजू पाहावी. सीटनची पेटी आपल्याला बाजारांत काय मिळे तें सांगते. हातांत काय होई तें सांगत नाहीं. पटाशी झिजून अर्धी झाली, तर ती किती वर्षें राबली हें कळतें. रंध्याच्या पाठीवर अंगठ्याचा खळगा पडला, तर धरणाराचा हात कोठें टेकत असे तें दिसतें. एकाच रंध्यावर तीन-चार मालकांचीं नांवें ठोंकलेलीं आढळलीं, तर तो बापाकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून शागिर्दाकडे कसा गेला तें समजतें. १५४५ सालीं बुडालेल्या व १९८२ सालीं समुद्रांतून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या आरमारी जहाजावर सुताराचीं हत्यारें मिळालीं. त्यांतील लांकडी अंगें व मुठी शाबूत होत्या; लोखंड मात्र बहुतेक खाऊन गेलें होतें. धार गेली, पण हाताची जागा राहिली. आम्हांस हें उदाहरण फार बोधप्रद वाटतें; कारण आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर त्यांतच सुचविलेलें आहे.

आमचें मत असें आहे कीं, हत्याराची धार ही कामाची असून बाकीचें सर्व अंग इतिहासाचें आहे. धार ही मुळांतच झिजण्यासाठीं केलेली वस्तु. मूळ मालकानें ती शेंकडों वेळां दगडावर ओढली, त्याच्या मुलानें ओढली, आणि प्रत्येक वेळीं थोडें पोलाद जाऊन नवें पोलाद उघडें पडलें. आज आपण तिला धार लावली तर इतिहास पुसला असें होत नाहीं. उलट जें दोनशें वर्षें चाललें तेंच आपण पुढें चालवितों. मूठ, पाठ, तोंड आणि बाजू यांची गोष्ट वेगळी. तेथील काळसरपणा, घामाचें तेल, नांवांचे शिक्के, ठोंकल्याचे घाव हे एकदां गेले कीं पुन्हां मिळत नाहींत.

व्यवहारांत याचा अर्थ असा कीं, पहिलें काम हत्यार पुसण्याचें नसून पाहण्याचें आहे. मऊ फडक्यानें धूळ झाडून, तिरप्या उजेडांत धरून अक्षरें, खुणा, दुरुस्त्या यांची नोंद करावी. मग सैल गंज तेलानें व बारीक पोलादी लोकरीनें हलके हलके काढावा. गंज फार असेल तर लोखंडी भाग सुटा करून व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लांत ठेवतात. किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत विजेचा मंद प्रवाह सोडून गंज सैल करतात. या दुसऱ्या रीतींत समोरच्या टोंकाला साधें लोखंडच वापरावें. न गंजणारें पोलाद वापरल्यास पाण्यांत विषारी द्रव्य उतरतें. धार लावतांना वेगानें फिरणाऱ्या चाकावर पातें निळें पडूं दिलें, तर त्याचें पाणी उतरतें व तें पातें त्या जागीं मऊ होतें. म्हणून दगड, पाणी आणि सबुरी हींच तिन्ही बरीं. मुठीला जवसाच्या तेलाचा हात पुरतो. मात्र त्या तेलाचे बोळे गुंडाळून ठेवूं नयेत, ते आपोआप पेट घेतात. आणि चेलरच्या रंध्यासारखी विरळा वस्तु हातीं आली, तर धारेलाही हात लावूं नये. तिचें काम आतां साक्ष देणें हेंच आहे. कारखान्यांतून मोठ्या संख्येनें निघालेला साधा बेली-पद्धतीचा रंधा मात्र कपाटांत ठेवण्यांत कांहींच पुरुषार्थ नाहीं.

साध्या हत्याराला पुन्हां राबविण्यांत केवढा अर्थ असूं शकतो, हें इंग्लंडांत १९७९ सालीं सुरू झालेल्या ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’ या संस्थेनें दाखवून दिलें. माळ्यांवर व तळघरांत पडून असलेलीं हत्यारें लोकांकडून मागून घ्यावयाचीं, स्वयंसेवकांनीं तीं दुरुस्त करावयाचीं, आणि टांझानियासारख्या आफ्रिकी देशांतील सुतार, लोहार व शिंपी यांच्याकडे धंद्याचा पुरा संच बांधून पाठवावयाचा, असा तिचा क्रम होता. एका देशांत विजेच्या यंत्रांनीं अडगळ ठरविलेली पटाशी दुसऱ्या देशांत एका कुटुंबाची भाकर झाली. मर्सर यांनीं हत्यार स्मृतीसाठीं राखलें. या मंडळींनीं तें पोटासाठीं राखलें. दोन्ही राखणेंच होय, आणि दोहोंत विरोध नाहीं.

आपल्याकडे रोजच्या वापरांतील वस्तु जपण्याचें महत्त्व पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनीं ओळखलें. १९२० च्या सुमारास आरंभ करून त्यांनीं दिवे, अडकित्ते, कुलुपें, दौती असें घरगुती सामान जन्मभर गोळा केलें, व आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नांवानें त्याचें संग्रहालय केलें. हत्यारांविषयीं आदर तर आपल्या रक्तांतच आहे. खंडेनवमीला सुतार आपल्या करवती-रंध्यांना, लोहार आपल्या घण-ऐरणीला हळदकुंकू वाहतो. पण पूजा एक दिवसाची. आणि घरांतला धंदा सुटला, मुलगा दुसऱ्या नोकरीस लागला, कीं तीच पेटी भंगारवाल्याकडे वजनावर जाते. त्या पेटींत घरच्या लोहारानें घडविलेला वाकस असतो, ताडून पाहून गुळगुळीत झालेला गुण्या असतो, कदाचित् इंग्रजी अमलांत शेफील्डहून आलेली एखादी पटाशीही असते. पोलाद भट्टींत जाऊन पुन्हां कामास येतें. पण तो वाकस कोणी घडविला, कोणत्या देवळाच्या वा वाड्याच्या कामावर तो चालला, आणि त्याचा दांडा असा वांकडा कां ठेवला आहे, याचें उत्तर भट्टींतून परत येत नाहीं.

तें उत्तर आज कांहीं घरांत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं आहे. १८९७ सालीं मर्सर यांच्या जिल्ह्यांत जी वेळ आली होती, ती आपल्याकडे बऱ्याच ठिकाणीं आतां आली आहे. आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें संग्रहालय काढावें अशी आमची अपेक्षा नाहीं. आपल्या घरीं किंवा शेजारीं अशी पेटी असेल, तर ती विकण्यापूर्वीं व घांसण्यापूर्वींही, एकदां ती वापरणाऱ्यापुढें नेऊन उघडावी. एकेक हत्यार त्यांच्या हातांत द्यावें, त्याचें नांव विचारावें, धरून दाखविण्यास सांगावें, आणि तें लिहून ठेवावें. गंज काढण्यास पुढें कितीही दिवस सांपडतील.